सांदवाडी, तीन भिंती आणि एक सलंग

सांदवाडी हा शब्द पुण्या-मुंबईकडच्या मंडळींनी ऐकलेला असेलच असं नाही. आमच्या झाडीपट्टीत घरामागच्या मोकळ्या जागेला सांदवाडी म्हणतात. 'परसबाग' म्हटलं की कसं मोगरा, जास्वंद, एखादा झोपाळा असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. सांदवाडीत पोटाला लागणारं जास्त. मांडवावर वाल, कुडावर दोडकं, कोपऱ्यात मुंगना (तुमचा शेवगा), न्हाणीच्या पाण्यावर धोपा (तुमचं अळू), आणि कुठेतरी कोहळ्याचा वेल कवेलूंवर चढलेला. भाजीला बाजारात जायचं ते बुधवारी-बिधवारी, एरवी मागच्या दारानं जायचं!

आमच्या नागभीडच्या घराला अशी सांदवाडी आहे. चाळीस फूट रुंद, साठ फूट लांब. पण बदल्यांच्या नोकरीत आम्ही दोघं गावोगाव आणि घर कुलपात, त्यामुळे कितीतरी वर्षं तिच्याकडे कुणी फिरकलंच नाही. निवृत्तीनंतर येऊन मागचं दार उघडलं तर समोर कंबरभर रायमुनिया (घाणेरी), गाजरगवत, एरंड, तरोटा, फुटक्या कवेलूंचे ढीग. त्यात जागा उताराची. मागच्या दारापासून खालच्या कुंपणापर्यंत सहा फुटांचा उतार. दर पावसाळ्यात वरची माती खाली, आणि वर उरला नुसता खरडी मुरूम.

रायमुनियाचं गचपण घरामागे असणं म्हणजे आमच्या भागात नुसता गबाळेपणा नव्हे. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड हा सगळा वाघ-बिबट्यांचा मुलूख. घोडाझरीचं जंगल तर २०१८ साली अभयारण्य झालं. झुडपात रानडुक्कर बसतं, कुत्र्यामागे बिबट येतो, आणि नाग-घोणस-मण्यार यांना तर निमंत्रणच लागत नाही. म्हणून गचपण काढणं गरजेचं होतंच. ते दोन मजुरांनी चार दिवसांत काढलं. पण ते काढल्यावर उघडा उतार दिसला, आणि त्या उताराच्या पायथ्याशी खालच्या घराची मागची भिंत दिसली. खरी गोष्ट तिथून सुरू होते.

खालचं घर मातीचं. मातीच्या जाड भिंती, वर कवेलू. उन्हाळ्यात त्या घरात जो गारवा असतो तो आमच्या सिमेंटच्या घरात कूलर लावूनही मिळत नाही (आणि इथलं ऊन म्हणजे ४५-४६ अंश, शेजारचं ब्रह्मपुरी तर देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत वरचेवर झळकतं). पण मातीच्या भिंतीचा शत्रू पाणी. श्रावणात त्या वहिनी भिंतीच्या बाहेरून ताडपत्री बांधायच्या, खाली विटा लावायच्या. भिंतीला खाली पोट आलेलं होतं. त्यांनी आम्हाला कधी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. पण उतार आमचा, पाणी आमच्या अंगणातून जाणारं, आणि भिंत त्यांची. हे दिसत असताना "आमची सांदवाडी छान करू" असं म्हणून नुसते गुलाब लावणं काही जमण्यासारखं नव्हतं.

मुलांनी फोनवरून आपापले उपाय सांगितले. एकानं सांगितलं, सगळीकडे गट्टू (सिमेंटचे पेव्हर) बसवून टाका, झाडण्याची कटकट नाही. दुसऱ्यानं सांगितलं, बाबा, या वयात कशाला? ले-आऊटवाल्याला विचारा, काय भाव येतो. एका मिस्त्रीनं येऊन खालच्या कुंपणावर सहा फुटांची सिमेंटची भिंत सुचवली. मागे भराव टाकला की मैदानासारखी सपाट जागा! ऐकायला छान वाटलं. मी त्याला विचारलं, "आणि पाणी?" तो म्हणाला, "पानी कुठं जाते जी, मुरून जाते."

आता मी जन्मभर शाळेत शिकवलेला माणूस. हिशेब केल्याशिवाय चैन पडत नाही. चाळीस गुणिले साठ म्हणजे २४०० चौरस फूट, म्हणजे सुमारे २२३ चौरस मीटर. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडणं ही काही नवलाची गोष्ट नाही. तेवढा पाऊस या तुकड्यावर पडला तर होतात सुमारे २२ हजार लिटर. पाच हजार लिटरचे चार टँकर भरून वर उरतं! छपराचं पाणी वेगळंच. एवढं सगळं काही मुरत नाही. गट्टू घातले तर जवळपास सगळंच्या सगळं वाहत खाली जाणार. आणि सहा फुटांच्या बंद भिंतीमागे ते साठलं, तर भिंतीवर मातीचा रेटा असतोच, वर पाण्याचाही येणार.

या रेट्याचं गणित मुलांना शिकवायला फार छान आहे. भिंतीची उंची दुप्पट केली की मातीचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो, आणि भिंतीला उलथवून पाडण्याचा जोर आठपट. म्हणजे दोन फुटांच्या भिंतीला जे सोसावं लागतं त्याच्या नऊपट रेटा सहा फुटांच्या भिंतीला सोसावा लागतो. म्हणून सहा फुटांची एक भिंत हे इंजिनियरचं काम आहे, आणि दोन-दोन फुटांच्या तीन भिंती हे माणसानं हातानं करण्यासारखं काम आहे. फक्त दोन भिंतींमध्ये भरपूर अंतर हवं. निदान खालच्या भिंतीच्या उंचीच्या दुप्पट, नाहीतर वरच्या भिंतीचं ओझं खालचीवर येतं. आमच्याकडे तर पंधरा-पंधरा फुटांच्या पायऱ्या सहज निघत होत्या.

हे काही माझं डोकं नव्हे. कोकणात गडगे आहेत, घाटावर डोंगरउताराला ताली घालून शेतं केलेली आहेत. चुना-सिमेंट न वापरता नुसता दगडावर दगड रचायची ही विद्या जगभर आहे. युरोपातल्या आठ देशांच्या या कलेची युनेस्कोनं २०१८ साली अमूर्त वारशाच्या यादीत नोंदही केली. पेरूमधल्या माचू पिच्चूच्या पायऱ्या शेकडो वर्षं अतिवृष्टीत टिकल्या त्या मुख्यतः पोटातल्या निचऱ्यामुळे. खाली मोठे दगड, त्यावर बारीक खडी, त्यावर वाळूमिश्रित थर आणि सर्वांत वर माती.

पण एवढ्या लांब जायची तरी काय गरज? आमच्या चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत हजारो मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी आणि इतर समाजांनी ते बांधले. जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन द्यायची, अशी चांद्याच्या गोंड राजांची रीत होती असं सांगतात. या तलावांचे तीन अवयव प्रत्येक शेतकऱ्याला माहीत असतात. मातीचा बांध म्हणजे पार. पाणी हवं तसं सोडायची जागा म्हणजे तुडूम. आणि तलाव भरला की जादा पाणी पारीला धक्का न लावता बाजूनं निघून जावं म्हणून ठेवलेली वाट म्हणजे सलंग, पुस्तकी भाषेत सांडवा. पार कितीही मजबूत असली आणि सलंग बुजली, तर तलाव फुटतो. मला माझ्या सांदवाडीचं सगळं शास्त्र या तीन शब्दांत सापडलं. मिस्त्रीच्या भिंतीत पार होती, सलंग नव्हती!

असो. ठरवलं, की एका हिवाळ्यात एक भिंत. तीन हिवाळे. २०२१ च्या दिवाळीनंतर सुरुवात केली. मदतीला रोजंदारीवर माझा एक जुना विद्यार्थी. शाळेत असताना भूमितीत जेमतेम पास व्हायचा, पण दगड हातात घेऊन फिरवला की त्याला तो कुठं बसणार हे बरोबर दिसतं. मला मात्र दहा दगड उचलून पाहावे लागतात. वजनदार दगड त्यानं लावायचे, दोरी, ओळंबा, चिपा आणि उपदेश ही खाती माझ्याकडे, अशी वाटणी झाली.

दगड गौण खनिजाची रॉयल्टी भरल्याची पावती असलेलाच घेतला. जंगलातून एक दगडही आणायचा नाही, हे आधीच सांगून ठेवलं होतं. आमच्याकडचा दगड पश्चिम महाराष्ट्रातल्यासारखा काळा बसाल्ट नाही. ग्रॅनाइटच्या जातीचा, करडा, ठिपक्यांचा, घडवायला चिवट. म्हणून घडवायच्या फंदात न पडता जसा आहे तसा बसवायचा. तिन्ही भिंतींना मिळून चार ब्रासच्या आत-बाहेर दगड लागला. म्हणजे चार ट्रॉल्या, पंधरा-सोळा टन. आकडा ऐकून सौ. म्हणाल्या, "तुमच्या पाठीला सांगितलंय का हे?"

ज्यांना करून पाहायचं असेल त्यांच्यासाठी पद्धत थोडक्यात सांगतो. आधी पाण्याची पारदर्शक नळी घेऊन दोन्ही टोकांची पातळी जुळवायची आणि दोरी बांधायची. मग नऊ इंच खोल, दीड फूट रुंद चर खणायचा, कडक मुरूम लागेपर्यंत. सर्वांत मोठे दगड तळाला. दगडाची लांबी भिंतीच्या पोटात जायला हवी. तोंड लांब दिसावं म्हणून आडवा लावलेला दगड पुढे सरकतो. 'एकावर दोन, दोनावर एक', म्हणजे खालचा सांधा वरच्या दगडानं झाकला गेलाच पाहिजे. दर तीन-चार फुटांवर भिंतीच्या आरपार जाणारा एक लांब दगड. आणि भिंत सरळ उभी न ठेवता आत, म्हणजे मातीकडे, कलती ठेवायची. दोन फुटांच्या उंचीत चार इंच. ओळंबा लावून पाहिला की सवयीच्या डोळ्याला ती वाकडी वाटते. माझ्या विद्यार्थ्याला तर फारच वाटायची. "गुर्जी, लोकं हासतीन जी, भीत मांगं पडली म्हनतीन." मी म्हटलं, "मागे पडली तर मातीत पडेल. पुढे पडली तर आपल्यावर!"

भिंतीच्या मागे लगेच माती भरायची नाही. आधी फूटभर जाडीचा गिट्टी आणि फुटक्या कवेलूंचा थर. (अशा रीतीनं कवेलूंचे ते ढीग कामी आले. घराचं छप्पर गेलं भिंतीच्या पोटात.) सिमेंट नसल्यामुळे पाणी फटींतून आपोआप झिरपतं, वेगळी छिद्रं ठेवायला नकोत. गिट्टीच्या मागे मुरूम, ठोकून ठोकून. आणि सर्वांत वर तलावाच्या गाळाची माती, शेणखत मिसळून.

फटींत साप राहतील ही भीती सगळ्यांनी घातली, आणि ती काही खोटी नाही. म्हणून तोंडाकडच्या फटींत चिपा घट्ट ठोकून बसवल्या. भिंतीच्या पायाशी तीन फुटांची पट्टी उघडी, फरशीची ठेवली. तिथं पालापाचोळा, लाकडं, काही ठेवायचं नाही. संध्याकाळनंतर बॅटरी आणि बूट असल्याशिवाय मागे जायचं नाही, हा घरातला नियम. एकदा धामण निघाली. तिला जाऊ दिलं. विषारी निघालाच तर सर्पमित्राचा नंबर मागच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहून ठेवला आहे.

आता मुख्य प्रश्न, पाण्याचा. पायऱ्या केल्या की पाणी थांबतं आणि मुरतं, हे चांगलंच. पण मुरलेलं पाणी मातीच्या पोटातून हळूहळू खालीच सरकतं, आणि खाली वहिनींची भिंत. म्हणजे वरून वाहणारं पाणी थांबवलं आणि आतून ओल पाठवली, असं व्हायला नको. म्हणून खालची शेवटची भिंत कुंपणापासून आठ फूट आत घेतली. ती आठ फुटांची जागा आमच्या वाट्याची असून आम्ही वापरायची नाही, असं ठरवलं. मुलगा म्हणाला, "बाबा, तीनशेवीस स्क्वेअर फूट सोडून दिलेत!" सोडून दिले खरे. तिथे भिंतीच्या पायाच्याही खाली जाणारा खोल चर खणला, त्यात गिट्टी भरली आणि त्याला रस्त्याच्या नालीकडे उतार दिला. प्रत्येक पायरीच्या पूर्वेच्या टोकाला भिंत तीन इंच खाली ठेवली. तीच आमची सलंग. जादा पाणी तिथून उतरून दगडांनी बांधलेल्या बाजूच्या पाटात, आणि पाटातून त्याच नालीत. नाली साफ राहावी म्हणून नगर परिषदेकडे अर्ज, आठवण, पुन्हा आठवण हे चालूच असतं. त्यात शिक्षकी पेशाची चिकाटी उपयोगी पडते.

पायऱ्या हा सौ.चा विषय. त्यांचे गुडघे गेलेले. उतार होता तेव्हा त्या मागच्या दारात उभ्या राहून बघायच्या, खाली उतरायच्या नाहीत. म्हणून प्रत्येक भिंतीला पाच पायऱ्या, एकेक पाच इंचांहूनही कमी उंच आणि सव्वा फूट रुंद, दोन्ही पाय टेकून उभं राहता येईल अशा. बाजूला बांबूचा कठडा. पहिली भिंत झाल्यावर त्या पहिल्या पायरीपर्यंत आल्या, पुढच्या वर्षी दुसरीपर्यंत. तिथे उभ्या राहून त्यांनी जाहीर केलं, "भिंती तुमच्या, माती माझी." तेव्हापासून कुठं काय लावायचं यात मला मत नाही.

भिंतींच्या कडेला त्यांनी वाळा आणि गवती चहा लावला. वाळ्याची मुळं सरळ खाली खोल जातात, तीन मीटरपर्यंतही जातात आणि माती शिवून ठेवतात. पहिल्या पायरीवर वाल आणि वांगी, दुसऱ्या पायरीवर अंबाडी, हळद, पपई, तिसऱ्या पायरीवर सीताफळ. पाटाच्या तोंडाशी धोपा. मुंगना भिंतीपासून लांब, कारण त्याची फांदी वाऱ्यानं कधी मोडेल सांगता येत नाही. पिंपळ-उंबराचं रोप दगडांत उगवलेलं दिसलं की त्याच दिवशी उपटायचं. पिंपळाला नमस्कार करावा, पण भिंतीत राहू देऊ नये.

तिसरी भिंत २०२४ च्या होळीला पूर्ण झाली. त्या जुलैमध्ये एका रात्री असा पाऊस लागला की कवेलूंचा आवाज बंदच होईना. वीज गेलेली. अकराच्या सुमारास मला राहवेना. रेनकोट, बूट, बॅटरी घेऊन मागे गेलो. पहिली सलंग वाहत होती, दुसरी वाहत होती. पाटातून गढूळ नव्हे, चहासारखं तांबूस, पातळ पाणी जात होतं. माती जागेवर होती. खाली शेवटच्या भिंतीपर्यंत गेलो तर कुंपणाच्या पलीकडे दुसरी बॅटरी! वहिनी, डोक्यावर पोतं घेऊन. आपली भिंत बघायला आलेल्या. मला त्या उजेडात पाहून आधी दचकल्या. मग त्यांनी बॅटरी चरावर मारली, त्यातून नालीकडे पळणारं पाणी थोडा वेळ पाहिलं, आणि म्हणाल्या, "गेला जी पानी, भाऊजी. निजा आता."

एवढंच. पण त्या पावसाळ्यात त्यांनी ताडपत्री बांधली नाही. दिवाळीआधी त्यांनी भिंतीचं ते पोट आलेलं खालचं अंग खणून, नव्या मातीचे थर देऊन, पांढरी माती पोतली. त्या मातीसाठी आमच्या ट्रॉलीतलीच चार टोपली गेली. त्याच्या बदल्यात आमच्याकडे कोहळ्याचे सांडगे आले, आणि अजून येतात!

आता मुलं आली की फोटो काढतात. "किती खर्च आला?" विचारतात आणि लगेच दुसरा प्रश्न, "पण पुढे कोण बघणार?" हा प्रश्न खरा आहे, आणि तो टाळण्यासारखा नाही. आमचे तलाव बघा. मालगुजारी १९५० च्या कायद्यानं गेली आणि ती जायलाच हवी होती. पण तलाव सरकारजमा झाल्यावर पारीवरची झुडपं कुणी काढायची, गाळ कुणी उपसायचा, सलंग कुणी मोकळी करायची, हे कुणाचंच काम उरलं नाही. बांधणारे शतकांपूर्वी गेले, त्यांच्यामुळे तलाव बिघडले नाहीत. वर्षातून एकदा फावडं घेऊन जाणारा माणूस गेला, तेव्हा ते बिघडले. कोरडी दगडी भिंतही तशीच. ती सिमेंटसारखी एकदा बांधून विसरायची वस्तू नाही. दर मार्चमध्ये दोन-चार दगड सुटलेले असतात, ते काढून परत बसवावे लागतात. वाळा कापावा लागतो. पाटातला गाळ काढून परत वर न्यावा लागतो. सगळं मिळून तीन-चार दिवसांचं काम. मात्र ते दर वर्षी करायला हवं.

माझं म्हणाल तर आता मोठा दगड उचलत नाही, डॉक्टरांनी मना केलं आहे. मागच्या मार्चमध्ये दुसऱ्या भिंतीतले तीन दगड निसटले तेव्हा वहिनींचा नातू आला. आठवीत आहे. कुंपणावरूनच बघत होता, मग उडी मारून इकडे. त्याला 'एकावर दोन, दोनावर एक' सांगितलं, ओळंबा हातात दिला. पहिला दगड त्यानं लांबी आडवी करून लावला, तोंड सुंदर दिसावं म्हणून. सगळे तसंच करतात. मी काही बोललो नाही, फक्त म्हटलं, यावर उभा राहून बघ. उभा राहिला, दगड हलला, त्यानं आपण होऊन काढला आणि फिरवून लावला. मग म्हणाला, "गुर्जी, आता आमच्याकडून बी एक भीत लावू न जी, आमचं आंगन बी उतरतच हाय."

त्यांचं अंगण उतरतं ते त्यांच्या खालच्या घराकडे. त्याच्या खाली अजून दोन घरं, आणि मग बोडी. दिवाळीनंतर बघू म्हटलं आहे. दीड ट्रॉली दगड लागेल, आणि आधी नळी लावून पातळी बघावी लागेल. सलंग कुठं काढायची हे मात्र त्यालाच ठरवायला सांगितलं आहे. त्यासाठी आधी खालच्या घरी जाऊन विचारून यायचं, असा गृहपाठ दिला आहे.